दृढीकरण (कन्फर्मेशन) झालं की शिकणं संपलं, असं तुमच्याकडेही आहे का? तरुणांचे आणि मोठ्यांचे वर्ग चालवलेल्यांनी सांगा

छावनीकर

जय ख्रिस्त मंडळी, बाकीच्यांना नमस्कार. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज उपासना आटपून घरी आलो आणि बसलोच.

आमचं चर्च इंदूरमधलं, जुनं. उपासना हिंदीत होते पण दहा-बारा घरं मराठी आहेत, आमच्यासारखी, म्हणजे आजोबा-पणजोबा नगर, जालना भागातून मिलमधे नाहीतर रेल्वेत कामाला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, देवळात हिंदी आणि पोरं इंग्लिश मीडियमला. पाळकसाहेबांनी माझ्यावर टाकलंय की तरुणांसाठी आणि मोठ्या माणसांसाठी शिक्षणाचा काहीतरी कार्यक्रम आखून कमिटीपुढे ठेव. मी शिक्षक नाही, कंपनीत नोकरी करतो, पण हे काम मला मनापासून करायचंय म्हणून इथे विचारतोय.

आमचं संडे स्कूल चांगलं चालतं. पन्नासेक पोरं असतात, मे महिन्यात व्हीबीएस, म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा असते तेव्हा तर गाणी, चित्रं, खाऊ, सगळं आवार भरून जातं. मग चौदा-पंधराव्या वर्षी दृढीकरणाचा वर्ग, पोरगं प्रभुभोजन घ्यायला लागलं की झालं. त्या दिवसानंतर चर्च त्याला काहीही शिकवत नाही. पुढची पन्नास साठ वर्षं फक्त प्रवचन ऐकायचं.

मागच्या वर्षी मी शनिवारी संध्याकाळी तरुणांचा वर्ग सुरू केला होता. पहिल्या दिवशी 22 जण आले, दिवाळीपर्यंत 4 उरले. छापील पुस्तक होतं, धडा वाचायचा, मी समजावून सांगायचं आणि शेवटी प्रश्नोत्तरं. एका मुलीने वर्ग सोडताना मला सरळच सांगितलं, दादा दिवसभर कॉलेजात हेच करते, इथे येऊन पण हेच? ते मनाला लागलं कारण खरं होतं ते.

दुसरी गोष्ट. आमच्या महिला मंडळात एक मावशी आहेत, सत्तरीच्या. दर रविवारी माझ्या बायकोच्या शेजारीच बसतात, मला वाटायचं तिच्यावर माया आहे म्हणून. परवा बायको माहेरी गेली होती तर मावशी गीतपुस्तक मांडीवर मिटून बसलेल्या. जुनी गाणी सगळी खणखणीत म्हटली, नवीन गाणं आलं तेव्हा गप्प. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, बायको गाताना ओळीखाली बोट फिरवते आणि मावशी त्या बोटाबरोबर ओठ हलवतात. इतकी वर्षं त्या चर्चमधे आहेत आणि त्यांना वाचता येत नाही हे आम्हाला कोणाला माहीतच नव्हतं. मग चौकशी केली तर अशा सात-आठ जणी निघाल्या.

तर विचारायचंय हे की चर्चने मोठ्यांना शिकवायची पद्धत पूर्वी होती का, आणि होती तर गेली कुठे. तुमच्याकडे काय टिकलं, काय बंद पडलं. आणि मराठीत शिकवायचं की हिंदीत. सविस्तर लिहा प्लीज, मी सगळं कमिटीला वाचून दाखवणार आहे.

नगरची_लेक

जय ख्रिस्त. तू वयाने माझ्या मुलाएवढा दिसतोस म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस. मी माहेरची नगरची, इंदूरमधे 41 वर्षं झाली, शाळेत शिकवून रिटायर झाले. तुझी ती मावशींची गोष्ट वाचून मला दोन मिनिटं काही सुचलं नाही बघ.

होती का म्हणून विचारतोस, अरे संडे स्कूलची सुरुवातच वाचायला शिकवण्यापासून झाली. इंग्लंडात ग्लॉस्टर नावाच्या गावात रॉबर्ट रेक्स म्हणून एक वर्तमानपत्रवाले होते, त्यांनी 1780 मधे ही शाळा काढली. तिथली पोरं सहा दिवस टाचण्यांच्या कारखान्यात राबायची, सुट्टी फक्त रविवारची, म्हणून शाळा रविवारी. हातपाय धुऊन केस विंचरून या, एवढीच अट. पुस्तक बायबल होतं पण शिकवायचे ते अक्षर. आणि नुसती लहान पोरंच नाहीत, 1798 मधे नॉटिंगहॅमला लेस आणि मोज्यांच्या कारखान्यातल्या तरुण बायकांसाठी मोठ्यांची शाळा निघाली, एक मेथडिस्ट आणि एक क्वेकर गृहस्थ मिळून चालवायचे. वेल्समधे तर थॉमस चार्ल्स यांच्या संडे स्कूलमधे आजोबा आणि नातू एकाच छपराखाली बसायचे.

मग मोठी माणसं गेली कुठे? माझं मत सांगते. 1870 मधे इंग्लंडात शिक्षणाचा कायदा आला, सरकारने शाळा काढायला घेतल्या, पुढे अक्षर शिकवायचं काम हळूहळू सरकारकडे गेलं आणि संडे स्कूलकडे राहिला फक्त धर्म, आणि तोही लहान पोरांपुरता. आपल्याकडे ते उरलेलं रूपच आलं आणि रुजलं, आणि आपल्याला वाटतं संडे स्कूल म्हणजे हेच. पण आपल्याकडे सरकारी शाळा असूनही तुझ्या मावशी राहिल्याच ना बाहेर. म्हणजे ते काम संपलेलं नव्हतं, आपण मधेच सोडलं.

आपल्या मराठीतलं तर काय सांगू. विल्यम केरींनी मराठीचं व्याकरण छापलं 1805 मधे, तेही बंगालातल्या श्रीरामपूरला बसून. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले 1813 ला, आणि 1824 मधे मिशनची मुलींची शाळा मुंबईत निघाली. मग सिंथिया फॅरारबाई आल्या, आधी मुंबईत आणि नंतर आमच्या नगरला. त्यांची शाळा बघून जोतिबा फुल्यांच्या मनाने घेतलं की आपल्या बायकांना शिकवायचं, आणि सावित्रीबाईंचं शिक्षिकेचं ट्रेनिंग फॅरारबाईंकडेच नगरला झालं. फुले स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. माझी आई हे सगळं घरातल्या माणसांबद्दल बोलावं तसं सांगायची.

आणि पंडिता रमाबाई! त्यांच्या केडगावच्या मुक्ती आश्रमामधे दुष्काळातून आणलेल्या बायका, विधवा, ज्यांना पाटी माहीत नव्हती, त्या छापखाना चालवायला लागल्या. खिळे जुळवणं, छापणं, बांधणी, सगळं बायका करायच्या, आणि रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथेच छापलं गेलं. वाचायला शिकवून थांबल्या नाहीत, हातात काम दिलं. हे कमिटीला नक्की वाचून दाखव.

आता शिकवायचं कसं ते. मी शाळा सुटल्यावर वस्तीतल्या बायकांना सहा-सात वर्षं शिकवलंय. आपल्या बायकांना गाणी पाठ असतात, तीच आपली पूंजी. पाठ असलेल्या गाण्याची एकच ओळ पाटीवर मोठ्या अक्षरात लिहायची आणि बोट ठेवून म्हणायला लावायची. पहिल्या दिवशी सगळ्या घडाघडा वाचतात. पण तू तोंडाकडे बघू नकोस, बोटाकडे बघ. बोट असतं दुसऱ्या शब्दावर आणि तोंड ओळ संपवून मोकळं झालेलं असतं. मग तेच शब्द चिठ्ठ्यांवर लिहून उलटसुलट मांडायचे. तिथे गाडी अडते आणि तिथूनच खरं वाचन सुरू होतं. एक आजी होत्या, तीन आठवडे अडल्या होत्या. एक दिवस येशू शब्दातला ये त्यांना ओळखू आला, आणि मग शेजारच्या चिठ्ठीवर येतो लिहिलं होतं त्यातला ये दिसला. चिठ्ठी दोन्ही हातांनी उचलून डोळ्याजवळ नेली आणि म्हणाल्या, अगं बाई, हा तर तोच की! नंतर तासभर त्या नुसत्या ये शोधत बसल्या होत्या.

भाषेचं टेन्शन घेऊ नकोस. लिपी देवनागरीच, अक्षरं एकदा बसली की हिंदी मराठी दोन्ही चालतं. ज्या भाषेत गाणं पाठ आहे त्या भाषेत सुरुवात कर, ळ नंतर येईल.

राजवाडा_वाले

मी ख्रिश्चन नाही, आधीच सांगतो. देशस्थ घर, वाडा राजवाड्याच्या मागे होता. पण इंदूर क्रिश्चियन कॉलेजमधून शिकलोय, माझे वडीलही तिथलेच. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने 1887 मधे काढलेलं कॉलेज आहे ते, मिशनवाले इंदूरला त्याच्या दहा वर्षं आधी आलेले. किशोरकुमार तिथे शिकले हे तर अख्ख्या इंदूरला माहीत आहे. वडिलांच्या वर्गात निम्म्याहून जास्त पोरं हिंदू मराठी असावीत, ते प्रोफेसरांची आठवण शेवटपर्यंत काढायचे.

मला एकच सांगायचंय आणि ते वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही चर्चबाहेरच्या बायका-माणसांना बोलावणार असाल तर पहिल्या दिवशीच सगळं उघड ठेवा, काय शिकवणार, कोण शिकवणार, पुस्तक कुठलं. आपल्या एमपीत धर्मांतराचा कायदा 1968 पासून आहे, 2021 मधे नवीन आला, तो एकदा एखाद्या वकिलाबरोबर बसून वाचून घ्या. तुमचा हेतू स्वच्छ आहे हे तुमच्या लिहिण्यातूनच कळतंय, पण शेजारच्याला तो कळायला हवा ना भिया. वर्गाचं दार उघडं ठेवा, शेजारपाजारच्यांना येऊन बसू द्या.

बाकी कॉम्प्युटर, फॉर्म भरणं, बँकेचं काम, हे शिकवायला शनिवारी दोन तास मी येऊ शकतो. पैसे वगैरे नको. त्या कॉलेजचं देणं लागतो मी.

सुरसागर_बडोदा

बडोद्याहून लिहितेय, लायब्ररीत नोकरी केली म्हणून राहवलं नाही. चर्चचा विषय आहे पण एक मुद्दा सगळ्यांनाच लागू आहे. आमच्याकडे सयाजीराव महाराजांनी 1906 मधे सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्याआधी 1893 मधे अमरेलीत करून बघितलं होतं. पण थोड्या वर्षांत असं दिसायला लागलं की शाळेतून बाहेर पडलेला माणूस वाचायला काही हाताशी नसेल तर शिकलेलं विसरतो. म्हणून महाराजांनी अमेरिकेतून बोर्डन नावाचे ग्रंथपाल आणले, 1910 ला, आणि गावोगाव वाचनालयं काढली, जिथे वाचनालय नाही तिथे पेट्यांतून फिरती पुस्तकं.

तर तुमच्या मावशी वाचायला लागल्या की दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातात काय देणार हे आधी ठरवा. मोठ्या टाइपातलं, छोटं, त्यांच्या जगण्यातलं. बायबल एकदम देऊ नका हो, टाइप बारीक आणि पानं पातळ, वय झालेल्या डोळ्यांना त्रास होतो. आणि वर्ग सुरू करायच्या आधी सगळ्यांचे डोळे तपासून घ्या. आमच्या इथे एका वर्गात दोघी जणी डोक्याने मंद म्हणून बाजूला बसवल्या होत्या, चष्मा लागल्यावर महिनाभरात वाचायला लागल्या.

संध्याकाळी_साडेसात

छावनीकर दादा, तुमचा तरुणांचा वर्ग का बंद पडला यावर लिहितो, कारण मी बँकेत नोकरी करता करता टॅफ्टीचा, म्हणजे घरी राहून धर्मशास्त्र शिकायचा कोर्स केलाय, चार वर्षं, आणि आता एक गट चालवतो.

ही पद्धत आली ग्वाटेमालातून. तिथल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीची, म्हणजे पाळक तयार करणाऱ्या शाळेची अडचण अशी होती की सेमिनरी होती शहरात, आणि गावातल्या मंडळ्या जे खरोखर सांभाळत होते ते लग्न झालेले, शेती असलेले, त्यांना घरदार सोडून तीन वर्षं शहरात राहणं शक्य नव्हतं. जे तरुण जायचे त्यातले बरेच परत गावाकडे यायचेच नाहीत. म्हणून 1963 मधे त्यांनी उलटं केलं, विद्यार्थ्याला सेमिनरीत आणण्यापेक्षा सेमिनरीच विद्यार्थ्याकडे न्यायची. धडा घरी करायचा आणि आठवड्यातून एकदा जवळच्या ठिकाणी सगळ्यांनी भेटायचं, शिक्षक तिथे येणार. हे जगभर पसरलं, आपल्याकडे 1971 मधे टॅफ्टी सुरू झालं, बंगलोरला.

यात खरी गंमत ही आहे की भेटीच्या दिवशी कोणी शिकवतच नाही. पुस्तकात थोडं वाचायचं, लगेच प्रश्न, त्याचं उत्तर त्याच पानावर लिहायचं, असं करत आठवडाभरात एक धडा आपला आपण पुरा करायचा. गटात आलो की गटप्रमुख विचारतो, हे तुमच्या ऑफिसात, तुमच्या घरात कसं दिसतं. बस. माझ्या पहिल्या गटात एक नर्स होती, एक रिक्षावाले काका, एक एमएस्सीचा मुलगा आणि मी. कर्जाबद्दलचा धडा होता, त्या दिवशी काका जे बोलले, म्हणजे वीस रुपये रोज व्याज कसं भरायचे आणि ते भरताना प्रार्थना कशी तोंडातून निघायची नाही, ते मी कुठल्याही प्रवचनात ऐकलेलं नाही. तुम्ही केलेली चूक, स्पष्ट लिहितोय, ही होती की बोलणारे एकटे तुम्ही होता. त्या मुलीने बरोबर सांगितलं तुम्हाला.

आणि माझा एक विचार आहे, बघा पटतो का. तुमच्याकडे तरुणांना काय द्यायचं हा प्रश्न आहे आणि आठ बायकांना वाचता येत नाही हा दुसरा प्रश्न, मग दोन वर्ग कशाला? फ्रँक लाउबाख म्हणून मिशनरी होते, फिलिपिन्समधे मारानाओ लोकांत काम करायचे. 1930 च्या सुमाराला मंदीमुळे पैसे बंद झाले, शिक्षकांना पगार द्यायला काही नाही. तिथला एक सरदार म्हणाला की जो शिकला त्याने दुसऱ्याला शिकवलंच पाहिजे, नाहीतर माझ्याशी गाठ आहे. तिथून एकाने एकाला शिकवायची पद्धत निघाली आणि लाउबाख ती घेऊन भारतातही आले. पुढे वेल्दी फिशरबाईंनी 1953 मधे साक्षरता निकेतन काढलं, आधी अलाहाबादला आणि मग लखनौला, तेही मोठ्यांना शिकवणारे शिक्षक तयार करायला. मला असं वाटतं की एकोणीस वर्षांच्या मुलीला मोझेसची गोष्ट चौथ्यांदा ऐकायची नसते, तिला कोणाच्या तरी उपयोगी पडायचं असतं. त्या सोडून गेलेल्या मुलीलाच बोलवा, मावशींना शिकव म्हणा. आणि आठवड्यातून एकदा त्या सगळ्या मुलांना घेऊन तुम्ही बसा, तुमचा शास्त्राभ्यास तिथे होईल.

रेसिडेन्सी_एरिया

मी कॅथलिक, इंदूर डायोसीसची, धर्मशिक्षण शिकवते. नगरच्या मावशींनी जे लिहिलं त्याचा जुळा भाऊ आमच्याकडेही आहे. पहिल्या काही शतकांत बाप्तिस्म्याआधी मोठ्या माणसाला दोन-तीन वर्षं शिकवायचे, शिकणाऱ्यांचा वेगळा वर्गच असायचा मंडळीत. मग सगळ्यांचा बाप्तिस्मा तान्हेपणीच व्हायला लागला आणि ती मोठ्यांची शाळा हळूहळू मिटली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ती परत सुरू करा म्हणून सांगितलं, 1972 मधे त्याचा नवा विधी आला. आणि 1979 मधे पोप जॉन पॉल दुसरे यांनी लिहिलं की प्रौढांचं धर्मशिक्षण हेच मुख्य, कारण जबाबदारी त्यांच्यावर असते. तरी आमच्याकडेही खुर्च्या लहान मुलांच्याच मापाच्या आहेत, हे मान्य करते.

पण मला दुसरंच सांगायचंय. शिक्षण म्हणजे फक्त अक्षर आणि फक्त बायबल असं धरू नका. कॅनडातल्या अँटिगोनिशला फादर मोझेस कोडी होते, 1928 पासून युनिव्हर्सिटीच्या विस्तार विभागाकडून कोळ्यांचे, शेतकऱ्यांचे अभ्यास गट चालवायचे. कोणाच्या तरी स्वयंपाकघरात आठ-दहा जणांनी बसायचं आणि विचारायचं, आपला मासा आपण ज्याला विकतो तो इतका कमी भाव का देतो? हा अभ्यासाचा विषय. त्यातून सहकारी संस्था आणि पतपेढ्या उभ्या राहिल्या.

लांब कशाला जायचं, आपल्या इथल्या सिस्टर राणी मारिया. उदयनगर भागात आदिवासी कुटुंबांना त्यांचे हक्क, बचत, बँकेचं कर्ज कसं मिळतं, हे समजावत फिरायच्या, म्हणजे सावकाराकडे जायची वेळ येऊ नये. 25 फेब्रुवारी 1995 ला इंदूरला येणाऱ्या बसमधे त्यांचा खून झाला. 2017 मधे इंदूरलाच त्यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, मी होते त्या दिवशी मैदानात. मला तर त्या शिक्षिकाच वाटतात. त्यांच्या वर्गाला फळा नव्हता एवढंच.

तुमच्या कमिटीला विचारा, आपल्या मंडळीतल्या किती घरांवर महिना टक्क्याने घेतलेलं कर्ज आहे. संध्याकाळी साडेसात यांच्या गटातल्या काकांसारखे काका प्रत्येक चर्चमधे असतात. त्यांच्यासाठी पहिला धडा व्याज कसं मोजतात हा असू दे.

नगरची_लेक

@रेसिडेन्सी एरिया, अगदी बरोबर बोललीस ग.

वेळेबद्दल एक राहिलंच. वर्षभर चालणारा वर्ग जाहीर करू नकोस, बंद पडतो. वेल्समधे ग्रिफिथ जोन्स म्हणून पाळक होते, संडे स्कूलच्याही आधी, त्यांच्या शाळा फिरत्या होत्या. शेतीची कामं कमी असायची त्या थंडीच्या दिवसांत तीन महिने एका गावात, रात्री मोठ्यांसाठी, मग शिक्षक पुढच्या गावाला. तू पण तीनच महिने धर. नाताळची गडबड संपली की जानेवारी ते मार्च, त्यानंतर लग्नं आणि ऊन. तीन महिने म्हटलं की बायका हो म्हणतात, घरचेही सोडतात.

छावनीकर

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल रात्री बायकोला सगळं वाचून दाखवलं.

लगेच काहीतरी करावं म्हणून आज मावशींच्या घरी जाऊन आलो. सरळ विचारायला संकोच वाटत होता, बायकोनेच विचारलं, मावशी तुम्हाला वाचायला आलं तर पहिलं काय वाचाल? मला वाटलं होतं गीतपुस्तक म्हणतील, नाहीतर शुभवर्तमान. त्यांनी उशीखालून मोबाईल काढला. नातू पुण्याला असतो, रोज मराठीत मेसेज टाकतो. ते मेसेज त्या शेजारच्या पोराकडून वाचून घेतात, आणि तो पोरगा घाईत असला की अर्धंच वाचतो. मावशी म्हणाल्या, उरलेलं अर्धं काय असतं ते मला कधी कळतच नाही. मी बघितलं तर तीन-चार महिन्यांचे मेसेज, रोज एक-दोन. जेवलीस का, गोळी घेतली का, इथे पाऊस आहे, असंच सगळं.

तर आमचं पहिलं पुस्तक ठरलं. नातवाचे मेसेज मोठ्या अक्षरात कागदावर उतरवायचे आणि त्यातले शब्द चिठ्ठ्यांवर. ती मुलगी, जी वर्ग सोडून गेली होती, तिला फोन केला. आधी गप्प होती, मग म्हणाली मावशींना मी शिकवते पण तुम्ही मधे बसून बोलायचं नाही. कबूल केलं. तिच्याबरोबर अजून दोघी येतायत. बाकी मंडळींसाठी व्याजाचा धडा मार्चनंतर घेऊ म्हणतोय, राजवाडावाले दादा त्यात तुमची मदत लागेल, आणि वकिलाकडे पण जाऊन येतो तुम्ही म्हणालात तसं. चष्म्याचं पण लिहून घेतलंय.

जानेवारीपर्यंत थांबवत नाहीये, मावशींचा वर्ग येत्या रविवारपासूनच, उपासनेनंतर, मागच्या व्हरांड्यात. तीन महिने. आत्ता चौघी तयार आहेत. पाट्या कुठे मिळतील इंदूरमधे? दोन दुकानांत विचारलं, दोन्हीकडे व्हाइटबोर्डच दाखवतात.

नगरची_लेक

व्हाइटबोर्ड नको, पाटीच हवी, मांडीवर घेता येते आणि चुकलं की पटकन हाताने पुसता येतं, कोणी बघायच्या आत. माझ्याकडे सहा आहेत माळ्यावर, उद्या काढून धुऊन ठेवते. रविवारी मीच घेऊन येते, उपासना किती वाजता संपते तेवढं कळव.